गुरुजींची गोड पत्रं

आमच्या गुरुजींना मी खोटारडे म्हटलं, तर गावात आजही चार जण माझ्या अंगावर धावून येतील. येऊ देत. गुरुजींनी उभ्या नोकरीत कुणाचा फुकटचा चहा घेतला नाही, पोरांच्या खाऊतला एक दाणा घरी नेला नाही, हे सगळं खरं. तरीही हा माणूस दर रविवारी सकाळी आपल्या ओसरीवर बसून, शाईच्या पेनानं, मोत्यासारख्या अक्षरात खोटं लिहीत असे. लोक गेलेल्या माणसाला देवमाणूस, देवमाणूस म्हणत त्याचा पार भिंतीवरचा फोटो करून टाकतात. मला गुरुजी फोटोतले नको आहेत. माझं अख्खं आयुष्य ज्या भानगडीतून उभं राहिलं, ती त्यांनीच करून ठेवली होती आणि निस्तरायलाही तेच पुढे झाले. म्हणून ती भानगड आधी सांगते.

आमचं गाव माण तालुक्यात, म्हसवडपासून दोन कोसांवर. पाऊस पडला तर बाजरी, नाही पडला तर मेंढरं आणि रोजगार हमीच्या रस्त्यावरची खडी. घरटी एक तरी बाप्या मुंबईला. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, तिकडे गोदामात माल चढवायचे-उतरवायचे. वर्षातून दोनदा घरी यायचे. एकदा म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला आणि एकदा उन्हाळ्यात. मधल्या काळात नवरा-बायकोचं जे काय बोलणं व्हायचं, ते आंतर्देशीय पत्रावर.

आणि पत्र म्हणजे गुरुजी. नव्वदीच्या सुरुवातीला गावातल्या संसारी बायकांमध्ये लिहिता येणाऱ्या दोन का तीन, बाकी सगळ्यांचा आधार गुरुजींचा. ते मूळचे वाईचे. कृष्णेच्या घाटावर पोहत वाढलेला माणूस ऐन तरुणपणी आमच्या कोरड्या गावात नेमणुकीवर आला आणि बदलीचा अर्ज करायचं विसरला, असं ते स्वतःच सांगायचे. बायको लवकर वारली, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता गुरुजी वाईला बहिणीकडे जाणार. ट्रंक भरली, एस.टी.च्या थांब्यापर्यंत गेले आणि दुपारी ट्रंकेसकट परत आले. गाडी चुकली म्हणाले. गाडी नंतर रोजच येत होती, गुरुजी काही गेले नाहीत. शाळेशेजारच्या दोन खणांच्या घरात राहिले.

इतकी वर्षं माणात काढूनही ते मेंढ्याला मात्र भ्यायचे. समोरून कळप आला, की पन्नास पोरांना एका नजरेत गप्प करणारा हा माणूस मिळेल त्या ओसरीवर चढून उभा राहायचा. मेंढरं राखणारे मुद्दाम ओरडायचे, "आवं गुरुजी, या की खाली! शिकल्याला मेंढा हाय ह्यो, कायबी करत न्हाई." गुरुजी वरूनच त्यांना म्हणायचे, "मग त्याला आधी पुढे जाऊ दे."

रविवारी सकाळी गुरुजींच्या ओसरीवर बायका जमायच्या. गुरुजी मांडीवर पाट घ्यायचे, त्यावर पत्र पसरायचे आणि म्हणायचे, "हं, बोल." मग ती बाई बोलायची. सासूचं, दिराचं, गळक्या छपराचं, दुखऱ्या कंबरेचं. कधी पदर डोळ्याला लावून, कधी कमरेला खोचून. गुरुजी सगळं ऐकून घ्यायचे, मध्ये एक शब्दही तोडायचे नाहीत. मग झरझर लिहायचे. शेवटी बाई म्हणायची, "वाचा बरं." गुरुजी पत्राकडे बघत तिचंच सगळं बोलणं तिला परत ऐकवायचे, सासूला घातलेल्या शिव्या तेवढ्या जरा हळू आवाजात. बाईचं समाधान व्हायचं आणि ती हलक्या अंगानं घरी जायची.

पत्रं चिकटवून पेटीत टाकायचं काम माझ्याकडे होतं, कारण आमचं घर पेटीच्या वाटेवर. सहावीत असताना एकदा वाटेत मी एक पत्र उघडून वाचलं. आईचंच होतं. आई गुरुजींना माझ्यासमोर म्हणाली होती, की चार महिन्यात एक ओळ न्हाई, ह्यो माणूस हाय का दगड, ते इचारा. पत्रात होतं, 'सप्रेम नमस्कार वि. वि. इकडील सर्व क्षेम. आपली आठवण होते. सवडीनुसार पत्र पाठवावे. प्रकृतीस जपावे.' मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शाळेत आम्ही पत्रलेखन शिकलो होतो तेही असंच. बोलायचं एक आणि लिहायचं एक, मोठ्या माणसांत हीच रीत असेल, असं मला वाटलं. मी जिभेनं डिंक ओला केला, पत्र चिकटवलं आणि टाकलं पेटीत. आईला काही बोलले नाही. ही माझी चूक, ती गुरुजींच्या खात्यावर घालायची नाही.

सातवीत गेले आणि हे सगळं माझ्यावर शेकलं. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर म्हसवड. मला शिकायचं होतं, आणि माझ्यापेक्षा जास्त आईला मला शिकवायचं होतं. दिवाळीच्या सुमारास मुंबईहून आलेल्या शेजाऱ्यानं तिला सांगितलं, की दादांनी माझ्यासाठी स्थळ बघितलंय, त्यांच्याच गाळ्यात राहणाऱ्या एकाचा मुलगा. मी तेव्हा तेरा वर्षांची. तेव्हा आमच्याकडे त्याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. आईला वाटलं. ती त्याच रविवारी गुरुजींकडे गेली आणि उभ्यानंच बोलली, "लिवा, पोरीचं लगीन एवढ्यात करायचं न्हाई. ती म्हसवडला शिकंल. तुमी सुपारी फोडली तर मी त्या मांडवात पाय ठेवणार न्हाई." गुरुजींनी लिहिलं, वाचून दाखवलं. पंधरा दिवसांनी तिनं आणखी एक पत्र लिहवून घेतलं, त्याहून कडक.

मार्गशीर्षात दादा रथाला आले. हातात केळीचा घड, माझ्यासाठी जांभळा फ्रॉक, आणि चेहरा असा खुललेला. जेवायला बसल्यावर म्हणाले, "मग वैशाखातली तारीख धरूया का? त्यास्नी मी शबूद दिलाय."

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. "मी दोनदा लिवलं नव्हं, न्हाई म्हणून?"

"कवा लिवलंस? तूच तर लिवलंस, तुमी करचाल ते बरूबर." दादांनी उठून पिशवीतनं दोन्ही पत्रं काढली आणि माझ्यापुढं धरली. "वाच गं."

मी वाचलं. 'चि. मुलीच्या विवाहाविषयी समजले. आपण घरातील कर्ते आहात. जे कराल ते विचारानेच कराल, असा विश्वास आहे. इकडील सर्व क्षेम.' आई म्हणाली, "दुसरं वाच." दुसऱ्यातही तेच, वर प्रकृतीस जपावे. चुलीवरची भाकरी करपली तरी ती कुणी काढली नाही.

"ह्ये मी बोललेले न्हाई," आई म्हणाली.

"गुरुजींचं अक्षर हाय," दादा म्हणाले. ते स्वतः चौथीपर्यंत गुरुजींकडेच शिकलेले. त्यांच्या लेखी गुरुजींच्या अक्षरात आलेलं ते खरं, आणि बायको आता तोंडानं जे म्हणत होती ती पलटी. दोघांचं खूप भांडण झालं. दादांचं एकच म्हणणं, दोन-दोन पत्रांनी हो म्हणालीस, मी चार माणसांत शब्द दिला, आता माझी पत काय राहील? चौथ्या दिवशी ते मुंबईला गेले. वैशाखात सुपारी घेऊन येतो, असं सांगून गेले.

ते गेले त्याच दुपारी आई ती दोन पत्रं घेऊन गुरुजींकडे निघाली. मी मागोमाग. गुरुजी ओसरीवर ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढत बसले होते. आईनं पत्रं त्यांच्यापुढं ठेवली. "ह्यात मी बोललेलं कुठं हाय, ते दावा मला गुरुजी."

गुरुजींनी पत्रांकडे बघितलंही नाही. पेन्सिलीचा भुगा गोळा केला. मग म्हणाले, "नाही त्यात."

"का न्हाई?"

"नोकरीला लागलो त्या वर्षी एका बाईचं पत्र मी जसंच्या तसं लिहिलं होतं," गुरुजी म्हणाले. "तिचा माणूस परत आलाच नाही. तिकडेच राहिला. त्या बाईनं मला कधी दोष दिला नाही, पण मला ती दिसायची ना रोज, पाणी भरताना. तेव्हा ठरवलं, आपल्या हातानं कुणाचा संसार मोडायचा नाही. लांब राहणारा माणूस, त्याला चार गोड शब्द लिहिले तर काय बिघडलं?"

आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "त्यो येवो न्हाईतर न येवो गुरुजी. पर मी काय म्हणती ते त्याला कळाय तर पायजे का नगं? माझ्या पोरीचं लगीन तुमच्या गोड अक्षरानं ठरलं."

गुरुजींचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी सांगत बसत नाही. वर्गात आम्ही चुकलो की आमचा व्हायचा, तसाच.

मी मध्येच म्हटलं, "आई, मी लिहिते की. मला सगळं लिहिता येतं." आई माझ्यावरच उखडली. "तुझ्या अक्षरात गेलं तर त्यो म्हणंल, पोरगीच आईच्या नावावर लिवती. गुरुजींच्यात गेलं तर म्हणंल, मास्तर शिकवतोय. माझ्याच हातचं जायला पायजे." मग ती गुरुजींकडे वळली. "मला शिकवा. वैशाखाच्या आत. आणि बाकीच्या बायास्नी मी काय सांगणार न्हाई. ते तुमचं तुमी सांगा."

पुढच्या रविवारी गुरुजींनी सांगितलं. ओसरी भरलेली. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि उभं राहून म्हणाले, की मी तुमची पत्रं तुम्ही सांगितली तशी लिहिली नाहीत, गोड करून लिहिली, माझं चुकलं. आजपासून मी कुणाचं पत्र लिहिणार नाही, ज्यांना पाहिजे त्यांना लिहायला शिकवीन. क्षणभर कुणाला काही कळेना. मग एक बाई हळूच म्हणाली, "म्हंजे माझ्या सासूचं त्यास्नी अजून ठावंच न्हाई?" आणि मग जो गलका झाला! कुणी म्हणे म्हातारा चळला, कुणी म्हणे एवढी वर्षं आमचे पत्रांचे पैसे वाया घालवले. ओसरी हां हां म्हणता रिकामी झाली. राहिली फक्त माझी आई, पाटी मांडीवर घेऊन. पाटी माझी, पहिलीतली, एक कोपरा उडालेली.

शिकवणी दुपारची, आई खडीवरून आली की. गुरुजींनी सवयीनं ग गवताचा काढून दिला. आई म्हणाली, "गवत मला ठावं हाय. पयलं माझ्या पोरीचं नाव शिकवा." गुरुजींनी जन्मभर ज्या क्रमानं शिकवलं तो क्रम पहिल्याच दिवशी मोडला. ते कुरकुरले, पण शिकवलं. माझ्या नावानंतर आईनं शाळा मागितलं, मग लगीन, मग न्हाई. पाठ्यपुस्तकातली बदकं-मडकी तिनं एकदाही मागितली नाहीत. पाटी घेऊन बसायला वेळ थोडा, म्हणून भाकरी करायला बसली की काठवटीतल्या कोरड्या पिठात बोटानं अक्षर काढायची, नीट आलं की नाही ते मला विचारायची आणि मग पाणी घालून मळायची. त्या चार महिन्यांत मी निम्मी बाराखडी भाकरीतून खाल्ली.

गुरुजींना मोठ्या बाईला शिकवायची सवय नव्हती. एक दिवस आईनं एकच जोडाक्षर पाचव्यांदा चुकवल्यावर त्यांच्या तोंडून निघून गेलं, "ऊठ, दोन उठाबशा काढ." आणि मग जीभ चावली. आई म्हणाली, "काढते की. पर आधी तुमी काढा, दोन पत्रांच्या दोन." मला वाटलं, आता गुरुजी चिडणार. गुरुजी उठले, टोपी पाटावर ठेवली, कान धरले आणि खरोखर दोन उठाबशा काढल्या. त्यांचे गुडघे वाजलेले मला ऐकू आले. आई तोंडाला पदर लावून हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही काढत होती. मग तिनंही दोन काढल्या. त्या दिवसापासून त्यांचं जमलं.

ही उठाबशांची बातमी गावभर व्हायला संध्याकाळ पुरली. दुसऱ्या दिवशी दोन बायका आल्या, शिकायला की बघायला कोण जाणे. पण त्या बसल्या. पुढच्या महिन्यात पाच-सहा झाल्या. सासूवाली तर सगळ्यांत पुढं. तिला पंधरा वर्षांचं तुंबलेलं लिहायचं होतं.

चैत्र संपता संपता आईचं पत्र लिहून झालं. सकाळी उन्हं ओसरीवर आली तेव्हा बसली, ती दुपारी उठली. सगळ्या ओळी खाली उतरत गेलेल्या, एकेक अक्षर चिंचोक्याएवढं. मजकूर मला पाठ आहे. 'तुमी पोरीचं लगीन ठरीवलं. मला ईचारलं न्हाई. आदीची पत्रं माजी न्हाईत. हे माजं हाय. पोरगी म्हसवडला शीकनार. मी खडी फोडून शीकवीन. सुपारी घेऊन आला तर मी दारात हुबी हाय.' खाली तिचं नाव.

गुरुजींनी ते हातात घेतलं आणि वाचलं. त्यांच्या खिशाला लाल पेन असायचं, निवृत्तीनंतरही. हात तिथपर्यंत गेला, मी बघितला. मग त्यांनी पत्राची घडी घातली आणि आईला परत दिली. "क्षेम वगैरे काही घालायचं नाही ना?" त्यांनी विचारलं. "क्षेम न्हाईच तर कशाला घालायचं?" आई म्हणाली. पेटीपर्यंत ती स्वतः गेली. पत्र टाकल्यावर तिनं वाकून पेटीच्या फटीतून आत बघितलं, पोचलं का ते.

उत्तर आलं नाही. आठ दिवस झाले, पंधरा झाले. आई शांत होती, निदान तसं दाखवत होती. गुरुजींचा मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. पोस्टमन दिसला की मेंढ्यांचा कळप मध्ये असला तरी ते रस्त्यावर उतरायचे. मला एकदा म्हणाले, "पोरी, ह्याही वेळी माणूस परत आला नाही तर?" मी लहान होते. मला एवढंच कळत होतं, की वैशाख आला आणि माझ्या शाळेचं अजून काही ठरलेलं नाही. मी त्यांना म्हटलं, "मग तुम्ही आणि आई मिळून मला शिकवा." ते हसले नाहीत.

एका सकाळी दादाच आले. एकटे. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पत्र काढलं. घामानं त्याच्या घड्या मऊ पडल्या होत्या. "ह्ये कुणी लिवलं?" त्यांनी विचारलं.

"मी," आई म्हणाली.

"खोटं बोलू नगंस. गाळ्यातली समदी म्हणत्यात, बाईमाणसाला चार महिन्यांत लिवता येत नसतं."

आईनं माझ्या दप्तरातली पेन्सिल घेतली, दादांच्याच हातातलं पत्र घेतलं आणि त्याच्या कोऱ्या कडेवर लिहायला बसली. 'पोरगी शीकनार.' एवढंच. पण ते लिहायला तिला किती वेळ लागला! प काढताना ओठ मुडपलेले, पेन्सिल मुठीत कुदळीसारखी धरलेली, रेघ वाकडी गेली की थुंकी लावून पुसायची आणि पुन्हा काढायची. दादा उभेच होते. आधी घाईनं बघत होते, मग हळूहळू तिच्यासमोर खाली बसले. दोन शब्द झाल्यावर आईनं कागद त्यांच्याकडे सरकवला.

दादांनी पत्र उलटं केलं. त्या सगळ्या खाली उतरत गेलेल्या ओळींवरून बोट फिरवलं. "एवढं सगळं लिवायला किती येळ लागला तुला?"

"चार महिनं," आई म्हणाली.

दादा उठले ते गुरुजींकडे गेले. तिथं काय बोलले ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. परत आले तेव्हा म्हणाले, "म्हसवडला ही जाणार कशी? चालत का एस.टी.नं?" स्थळाच्या माणसांना नाही सांगायला ते स्वतः गेले, तिथं चार शब्द ऐकून आले, आणि पुढे वर्षभर माझी पत गेली, माझी पत गेली म्हणून धुसफुसत राहिले. पण जून महिन्यात मी आठवीच्या वर्गात बसले होते. आणि त्यानंतर त्यांची जी पत्रं आली, ती आईच्या नावानं आली. दोन शब्दांच्या मध्ये बोटभर जागा सोडून, मोठ्या-मोठ्या अक्षरांत, तिला लावून वाचता यावं म्हणून. माझ्या बापाबद्दल मला पुष्कळ तक्रारी आहेत, पण ती बोटभर जागा आठवली की त्यातल्या निम्म्या मी मागे घेते.

ज्या बायका त्या ओसरीवर शिकल्या, त्यांपैकी कुणाचाही माणूस पळून गेला नाही. एकाला सासूवरून पत्र गेल्यावर तो पहिल्याच गाडीनं घरी आला, एवढंच. गुरुजींना ह्याचं फार नवल वाटायचं. "मी उगाच भीत होतो," असं ते मला कितीदा म्हणाले असतील.

दहावी झाली, बारावी झाली, आणि मला सांगलीला डी.एड.ला प्रवेश मिळाला. वसतिगृहात पोचवायला आई आली आणि गुरुजीही आले, पांढरी टोपी, पांढरा पायजमा, हातात माझी वळकटी. म्हणाले, शिक्षक घडवायचं कॉलेज कसं असतं ते बघायचंय. सांगलीत उतरल्यावर मात्र कॉलेजच्या आधी त्यांना नदी बघायची होती. कृष्णेच्या घाटावर ते पायजमा वर धरून दोन पायऱ्या पाण्यात उतरले आणि पोरासारखे उभे राहिले. "हे वाईवरून आलेलं पाणी," ते म्हणाले. "आमच्या बहिणीनं सकाळी ह्यात धुणं धुतलं असेल." मी म्हटलं, "गुरुजी, सकाळचं पाणी इतक्यात पोचायचं नाही." ते म्हणाले, "मग परवाचं असेल."

तिथंच त्यांनी मला सांगितलं, की निवृत्तीनंतर त्यांची गाडी चुकली नव्हती. गाडी आली, थांबली, कंडक्टरनं हाकसुद्धा मारली. "मी चढलोच नाही. वाटलं, रविवारी ह्या बायकांची पत्रं कोण लिहील?" आणि मग स्वतःवरच हसले. "बघ, किती चुकीच्या कामासाठी थांबलो." मी म्हटलं, थांबलात म्हणून तर मी इथं उभी आहे. हे तोंडावर म्हणता आलं, याचं मला आजही बरं वाटतं.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा सुरू होती तेव्हा एका सकाळी वसतिगृहाच्या शिपाईमामांनी मला पत्र दिलं. आईचं होतं. आईची पत्रं एव्हाना चांगली पानभर यायची, मेंढरांच्या तब्येतीसकट. हे आखूड होतं. आमच्याकडे कुणी गेलं तर लांबच्या माणसाला तसं कळवत नाहीत. जरा बरं नाही, येऊन जा, एवढंच कळवतात, आणि खरं काय ते घरच्या वळणावर माणसं जमलेली दिसली की आपलं आपल्याला कळतं. आईनं लिहिलं होतं:

'गुरुजी मंगळवारी सकाळी गेले. दोन दीस ताप होता. मी जवळ होते. ते मला बजावून गेले की पोरीची परीक्षा होईस्तवर कळवू नका, गुरुजी बरे हायत म्हणून लिवा. गावातली समदी बी तेच म्हनत्यात. मी गुरुजींचं समदं ऐकलं, एवढं ऐकनार न्हाई. त्यांनीच मला खरं लिवायला शिकीवलं. खरं कळलं तरी तू पेपर देशील हे मला ठावं हाय. रड आनी जा.'

पेपर अकराला होता. मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून पोटभर रडले, तोंड धुतलं आणि गेले.